तो झेंडा 'पूर्वापार' फडकत नव्हता

अमेरिकेतल्या कॉन्फेडरेट (म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या) झेंड्यावर वाद निघाला की एक दावा हमखास येतो: लाल कापडावर निळी फुली आणि पांढरे तारे असलेला हा दक्षिणेचा राष्ट्रध्वज, यादवी युद्धापासून सरकारी इमारतींवर फडकत आलेला, तो उतरवणं म्हणजे इतिहास पुसणं.

दोन्ही गोष्टी चूक आहेत. ते रणांगणावरचं निशाण होतं आणि दक्षिणेचे सेनानी जनरल ली यांच्या सैन्याकडे तर ते चौरस होतं. 1863 पासूनच्या राष्ट्रध्वजात त्याला एका कोपऱ्यात जागा मिळाली, एवढंच.

युद्ध संपलं 1865 मध्ये. साउथ कॅरोलिना या दक्षिणेतल्या राज्याच्या विधानभवनावर हा झेंडा चढला 1961 मध्ये! निमित्त युद्धाच्या शताब्दीचं, पण काळ पाहा: कृष्णवर्णीय नागरिक समान हक्कांसाठी रस्त्यावर होते. जॉर्जियाने तो राज्यध्वजात घेतला 1956 मध्ये, शाळांतली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालानंतर दोनच वर्षांनी. मिसिसिपीचा हे चिन्ह असलेला, 2020 पर्यंत चाललेला राज्यध्वज जुना, 1894 चा. तोही युद्धानंतर जवळपास तीस वर्षांनी आलेला.

जून 2015 मध्ये साउथ कॅरोलिनातल्याच चार्ल्सटन शहराच्या एका चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीयांना ठार मारलं. पुढच्याच महिन्यात साउथ कॅरोलिनाने विधानभवनाच्या आवारातला झेंडा उतरवून संग्रहालयाकडे सोपवला. माझ्या मते त्याची योग्य जागा तीच: तिथे शेजारी 1961 हे सालही लिहिता येतं.