‘खुला महिला’ जागेचा घोळ

नंदुरबारला महिला कलेक्टर येऊन गेल्या, तिकडे अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरींना ते आता नवल वाटत नाही. पण आयएएसच्या १९५४ च्या नियमांत लग्न झालेल्या बाईला नेमणुकीचा हक्कच नव्हता, नोकरीत असताना लग्न केलं तर राजीनामा मागता यायचा. ते कलम गेलं १९७२ ला. फॉरेन सर्व्हिसमधलं तसलंच भांडण १९७९ ला सुप्रीम कोर्टात पोचलं. असो, ते फार जुनं.

आपल्याकडे महाराष्ट्रात चित्र पालटलं ते १९९४ च्या महिला धोरणानंतर. सरळसेवेत, म्हणजे थेट भरतीत, ३० टक्के जागा बायकांना, आणि त्या ओपन, ओबीसी, एससी, एसटी अशा प्रत्येक कॅटेगरीच्या आतल्या, म्हणजे समांतर आरक्षण. इथवर ठीक, अडलं ते ओपनमधल्या, म्हणजे ‘खुला महिला’, जागेवर.

ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे या जागा फक्त ओपनच्याच मुलींनी भरायच्या. म्हणजे चोपड्याची ओबीसी पोरगी नाहीतर अक्कलकुव्याची आदिवासी पोरगी ओपन महिलेच्या कटऑफच्या वर मार्क घेऊन बसली तरी तिला आपल्याच कॅटेगरीत ढकलायचं, तिथे जागा भरल्या असतील तर डेप्युटी कलेक्टर राहिलं बाजूला, पोरगी पुन्हा पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसणार. नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक आदिवासी, जळगाव-धुळ्यात ओबीसी भरपूर, मग हा फटका सगळ्यात आधी कोणाला बसणार ते सांगायला नको. ओपनच्या मुली म्हणायच्या की आमच्याकडे तेवढ्याच जागा, त्यातही वाटेकरी आले तर आम्ही जायचं कुठे, त्यांची भीती खोटी नव्हती पण मेरिटला उत्तर म्हणून ती पुरतही नव्हती. मग कोर्टबाजी, निकाल एकदा इकडे एकदा तिकडे. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये, तेही यूपीच्या पोलीस भरतीच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ओपनची महिला जागा मेरिटवर कुठल्याही कॅटेगरीच्या बाईला मिळू शकते.

यात आणखी एक भानगड होती, ओपनच्या मुलींनाही या जागेसाठी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला लागायचा, ती अट २०२३ ला काढली.

हे सगळं भरतीपुरतं, प्रमोशनला हे ३० टक्के नाहीत. राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव मिळायला २०२४ उजाडलं, आणि त्या वर्षभराने, २०२५ ला, रिटायरही झाल्या.