वकील तुमचा, आरपी कोणाचा?

चाकणच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याचे बँकेचे हप्ते थकले, की मालकाला दोन तऱ्हेचे जाणकार भेटतात. एक वकील, दुसरा इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोरीचं काम पाहणारा नोंदणीकृत व्यावसायिक. दिवाळखोरीच्या कायद्यातली (आयबीसी) कलम 7 (बँकेने करायचा अर्ज), कलम 10 (कंपनीने स्वतः करायचा अर्ज), मोरॅटोरियम (वसुलीला तात्पुरती स्थगिती) ही भाषा दोघांच्याही तोंडात. त्यात दहा वर्षं वकिली केलेला माणूस परीक्षा देऊन, नोंदणी करून इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल होऊ शकतो, म्हणजे घोळ आणखी वाढतो.

वकील बार कौन्सिलच्या सनदेवर चालतो आणि अशिलाची बाजू मांडतो. प्रोफेशनलची नोंदणी आयबीबीआयकडे (दिवाळखोरीचं नियामक मंडळ) असते, आणि अर्ज दाखल करून घेतल्यावर एनसीएलटी (कंपन्यांसाठीचं न्यायाधिकरण, म्हणजे ट्रिब्युनल) त्याला नेमते. आधी तो आयआरपी (हंगामी), मग आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल). कारखाना चालू ठेवणं, देणेकऱ्यांचे (कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांचे) दावे गोळा करणं हे त्याचं काम. संचालक मंडळाचे अधिकार त्या दिवसापासून निलंबित होतात. ते वापरतो तो.

इथेच मालक फसतात. कलम 10 खाली अर्ज स्वतःच केला, आयआरपीचं नावही स्वतःच सुचवलं, म्हणून तो 'आपला माणूस' वाटतो. तसा तो नसतो. पहिल्याच बैठकीत देणेकऱ्यांची समिती 66 टक्के मतांनी त्याला बदलू शकते. मागच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या फर्मला आधी पैसे चुकते केले असतील, तर ते शोधून ट्रिब्युनलपुढे नेणं हे आरपीचं कर्तव्यच आहे. वकिलाला सांगितलेलं गुपित राखायला कायदा त्याला बांधतो (पुढचं बेकायदा काम तडीस नेण्यासाठी सांगितलेलं सोडून). आरपीच्या बाबतीत तसं कवच नाही. चहा पिता पिता त्याच्यापाशी मन मोकळं करणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं, की प्रोफेशनल नेमला गेल्यावर जुन्या संचालकांना कंपनीच्या वतीने अपील चालवता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं कंपनीचा म्हणून असलेला वकीलही आता आरपीच्या सूचनेवर चालणार. संचालकाला अपील करायचंच तर स्वतःच्या नावाने करावं लागतं, आणि मुदत 30 दिवसांची. सबळ कारण असेल तर आणखी 15. बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल तर तीही वेगळी लढाई. तेव्हा अर्ज दाखल व्हायच्या आधीच स्वतःसाठी निराळा वकील धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुभवी कोण, हे कसं ओळखायचं? 'आयबीसीची खूप प्रकरणं केली' या वाक्याला अर्थ नाही. कोणाच्या बाजूने केली? जन्मभर बँकांसाठी उभा राहिलेला वकील हुशार असेल, पण तुमची बँक त्याची अशील आहे का ते आधी विचारा. एनसीएलटीचे आदेश संकेतस्थळावर मिळतात आणि हजर वकिलांची नावं त्यात असतात, ती वाचा. मुंबईत कफ परेडला एनसीएलटीच्या सुनावणीत स्वतः उभा राहणार की ज्युनियरला पाठवणार, हेही विचारा. निकालावर टक्का मागणारा सरळ टाळा, वकिलांना ते निषिद्ध आहे. प्रोफेशनलची नोंदणी आणि त्याच्यावरच्या शिस्तभंगाचे आदेश आयबीबीआयच्या संकेतस्थळावर दिसतात.

क्रेडिट कार्डात अडकलेल्या नोकरदाराला मात्र आयबीसीवाला वकील किंवा प्रोफेशनल फारसा कामाचा नाही. त्या कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता. बाकीच्यांना अजून जुने कायदेच: मुंबईत 1909 चा, उच्च न्यायालयात; मुंबईबाहेर 1920 चा, जिल्ह्याच्या कोर्टात. तिथे दिवाणी कोर्टात मुरलेला वकील गाठावा.