मोहनगढचा फवारा आणि अकालची दगडी झाडं

२८ डिसेंबर २०२४. जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढजवळच्या एका शेतात बोअर मारणं चालू होतं. सुमारे ८५० फुटांवर खालून पाणी उसळलं, आणि असं उसळलं की बोअरची गाडी ट्रकसकट जमिनीत गेली. शेताचं तळं झालं. दोनेक दिवसांनी पाणी आपोआप थांबलं, पण तोवर सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं होतं: सरस्वती प्रकटली!

जमिनीखाली अशी नदी वाहत नसते. तिथे असतो वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला खडक. कणांमधल्या बारीक फटींत पाणी भरलेलं असतं. वर चिकणमातीचं घट्ट झाकण असलं की ते पाणी दाबाखाली राहतं. गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जोर येतो, तसाच हा दाब. झाकणाला भोक पडलं की पाणी वर धावतं. पण नळाला जोर आहे म्हणून टाकी मोठी आहे असं होत नाही. मोहनगढचे व्हिडिओ बघताना हे फार थोड्यांच्या लक्षात आलं, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि मुरमात असतं. विहीर श्रावणात भरते, वैशाखात तळ दिसतो. त्यामुळे विहिरीतलं पाणी म्हणजे गेल्या पावसाळ्याचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जैसलमेरात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा उन्हातच उडून जातो. मग खोलवरचं पाणी आलं कुठून?

त्याचं वय काढता येतं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, सोडलं आणि त्यानंतरच्या पावसात ते उतरलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी जैसलमेर भागातलं खोल भूजल तपासलं, तेव्हा त्यात ट्रिटियम जवळपास नव्हतंच. कार्बन-१४ वरून, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून, वय निघालं हजारो वर्षांचं. थरच्या वाळवंटात आजच्यापेक्षा बरा पाऊस पडायचा, त्या काळातलं हे पाणी. आज उपसलं तर आपल्या हयातीत भरून येणार नाही. ते पिण्यासाठी राखावं, भरपूर पाणी पिणाऱ्या पिकांवर ओतू नये, असं मला ठामपणे वाटतं.

एवढी वर्षं खडकात काढलेलं पाणी खडक चाखत चाखत पुढे सरकतं. सुरुवातीला त्यात बायकार्बोनेट जास्त असतं, मग सल्फेट वाढतं, आणि प्रवास फारच लांबला तर क्लोराइड, म्हणजे खारटपणा. वाटेत चिकणमाती पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम देते. इथेच घात होतो. कॅल्शियम असतं तर त्याने फ्लोराइडला बांधून खाली बसवलं असतं. ते नसलं की फ्लोराइड पाण्यात मोकळं राहतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. पाणी मात्र दिसायला स्वच्छ असतं, चवीलाही कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांना हे दुखणं ठाऊक आहे.

खडकातून पाणी काय काय वाहून नेतं, ते जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर अकालला बघायला मिळतं. तिथे उघड्या माळावर १८ कोटी वर्षांपूर्वीचे ओंडके पडलेत. लांबून लाकूडच वाटतं, साल आणि धारी तशाच. हात लावला तर गार दगड. गाडल्या गेलेल्या खोडांत भूजल शिरलं आणि त्यातल्या सिलिकाने, म्हणजे वाळू ज्याची बनते त्या खनिजाने, लाकडाची जागा घेतली. हे ओंडके ज्या लाठी नावाच्या वालुकाश्मातले आहेत, त्याच खडकातून आज जैसलमेर जिल्ह्यातल्याच चांधन गावच्या बोअरना गोडं पाणी मिळतं.

थरमधल्या माणसांनी पाण्याला तीन नावं दिली आहेत. पावसाचं ते पालर, खोलवरचं ते पाताल, आणि वाळूत मुरून अडकलेलं ते रेजाणी. काही गावांत वाळूखाली जिप्समचा पट्टा असतो. पावसाची ओल त्यावर थबकते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे माणूस कसाबसा मावेल एवढी अरुंद कुईं खणतात. वाळूतली ओल थेंबाथेंबाने तळाशी गोळा होते, दिवसाला दोन-तीन घागरी. म्हणून कुईंच्या तोंडावर लाकडी झाकण असतं, आणि काही ठिकाणी त्याला कुलूपही.