वरचा ओठ उचलून बघा

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच की!’ असं म्हणत लेकराच्या दातांवरचे तपकिरी डाग घरोघरी सोडून दिले जातात. पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात टिकायला हव्यात. मूल त्यांच्यावरच चावतं, आणि पक्क्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात. दाढ आधीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मागून येणारा दात वेडावाकडा येऊ शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती रात्रीची बाटली. झोपेत लाळ फार कमी सुटते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहतं. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जीवाणू त्यातल्या साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागतं. दुधाच्या दातांवर हे कवच मुळातच पातळ असतं. खालचे पुढचे दात मात्र बहुधा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते आणि लाळही तिथेच पाझरते.

म्हणून महिन्यातून एकदा उजेडात बसवून मुलाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. अजून खड्डा पडलेला नाही, त्यामुळे गेलेलं कॅल्शियम दातात परत बसू शकतं! दंतवैद्य अशा वेळी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे एनॅमल मजबूत करणारा पातळ लेप, लावतात. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, की ती संधी गेली.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करायचा. 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पट्टी नको. सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. एवढ्या लहान हातांना दाढांच्या फटी साधत नाहीत. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी.

आणि बिस्किटं. दर वेळी गोड खाल्लं की आम्लाचा हल्ला नव्याने सुरू होतो, म्हणून दिवसभर एकेक बिस्कीट हातात देण्यापेक्षा तेच जेवणासोबत दिलेलं कमी वाईट. चोखणीला मध लावून देणं तर बंदच करा.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, आणि गरजेपेक्षा जास्त फ्लोराइडही दातांना चांगलं नाही. तिथे कुठली पेस्ट वापरायची, हे दंतवैद्याला पाण्याबद्दल सांगून ठरवावं.