मेण घालायचं आणि काढायचं: सिरॅमिक मोल्डिंगमधल्या बाइंडरची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सातवाहनकाळातल्या केओलिनच्या मूर्ती सापडल्या आहेत. पांढरी माती दोन अर्ध्या साच्यांत दाबायची, दोन्ही अंगं जोडायची, वाळवून भाजायची, अशी ती रीत. मातीचे कण चपटे असतात आणि पाण्याच्या पातळ थरावर ते एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे मातीला घेतलेला आकार धरून ठेवता येतो. ॲल्युमिना किंवा झिरकोनिया या धातूंच्या ऑक्साइडांच्या भुकटीत हा गुण नाही. नुसतं पाणी घालून ती साच्यात वाहत नाही. तिला मेण किंवा प्लास्टिक मिसळून लवचीकपणा उसना द्यावा लागतो आणि भाजण्याआधी तो परत घ्यावा लागतो. हे मिश्रण म्हणजे बाइंडर. बाइंडरच्या इतिहासात घालण्यापेक्षा काढण्याचाच भाग मोठा आहे.

सुरुवात स्पार्क प्लगपासून झाली. प्लगच्या इन्सुलेटरसाठी १९३० च्या दशकात प्लास्टिकसारखं इंजेक्शन मोल्डिंग वापरात आलं. १९४९ साली कार्ल श्वार्ट्झवाल्डर यांनी अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या बुलेटिनमध्ये ही पद्धत मांडली. पुढे हा धंदा रबरी पिशवीतून चहूबाजूंनी दाब देण्याच्या पद्धतीकडे वळला, कारण तिथे बाइंडर फार कमी लागतो. सोव्हिएत संघात पी. ओ. ग्रिबोव्स्की यांनी वेगळी वाट घेतली: पॅराफिनमध्ये थोडं ओलेइक आम्ल आणि मधमाशांचं मेण घालून गरम लगदा हवेच्या हलक्या दाबाने साच्यात ढकलायचा. मशीन साधं, डायची म्हणजे धातूच्या साच्याची झीज कमी. पण निव्वळ मेणाचा नग तापवला की वितळून बसतो, म्हणून तो कोरड्या भुकटीत पुरून तापवावा लागे. भुकटी मेण शोषून घेते आणि नगाला आधारही देते.

खरा बदल १९७० च्या दशकात झाला. कॅलिफोर्नियात रेमंड वीच यांनी धातूच्या भुकटीसाठी दोन टप्प्यांत निघणाऱ्या बाइंडरवर काम केलं. तोच विचार सिरॅमिकने उचलला. मेण आधी काढायचं, म्हणजे नगात पृष्ठभागापासून आतपर्यंत जोडलेली छिद्रं तयार होतात. बाइंडरमधलं दुसरं द्रव्य, म्हणजे मागे राहिलेलं पॉलीप्रोपिलीन हे प्लास्टिक, तोवर कण धरून ठेवतं आणि नंतर त्याचा वायू त्याच छिद्रांतून निघून जातो. १९८५ मध्ये निस्सानच्या गाडीत सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचा टर्बो रोटर आला, तेव्हा गुंतागुंतीच्या आकारांसाठी या पद्धतीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पुढे बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने बाइंडर म्हणून पॉलीॲसिटल हे प्लास्टिक आणलं. नायट्रिक आम्लाच्या वाफेत ते ११०–१२० अंशांना, वितळण्याआधीच विघटित होतं. वेग उत्तम, पण निघणारं फॉर्माल्डिहाइड जाळावं लागतं. छोट्या युनिटला हा खर्च झेपत नाही.

मेण-पॉलिमरचं गणित असं. ५५ टक्के आकारमान ॲल्युमिना धरलं तर १० किलो फीडस्टॉकमध्ये (भुकटी आणि बाइंडरच्या मिश्रणात) सुमारे ८.४ किलो भुकटी आणि १.६ किलो बाइंडर. त्यात साधारण १ किलो पॅराफिन, ५०० ग्रॅम पॉलीप्रोपिलीन, ८०–१०० ग्रॅम स्टिअरिक आम्ल. आम्ल कमी पडलं की भुकटीच्या गुठळ्या राहतात आणि त्या भाजल्यावर तड्यांच्या रूपात दिसतात. या प्रमाणाला नग प्रत्येक दिशेने सुमारे १८ टक्के आकसतो, म्हणून २० मिमीच्या मापासाठी डाय २४.३ मिमीची. भुकटी ५५ ऐवजी ५४ टक्के पडली तर तेच माप जवळपास ०.१२ मिमीने कमी भरतं. काटा आणि भुकटीचा ओलावा दोन्ही तपासायचे ते यासाठी.

मेण काढायला ५० अंशांच्या आसपासचं हेप्टेन हे मेण विरघळवणारं द्रावक वापरतात. १०० ग्रॅमच्या नगात साधारण १० ग्रॅम मेण असतं. सुकवून वजन किमान ९ ग्रॅमने घटलेलं नसेल तर तो नग भट्टीत घालू नये. आत अडकलेलं मेण उकळून फोड आणतं. जाड भिंत हा इथला सर्वांत मोठा शत्रू: जाडी दुप्पट झाली की वेळ जवळपास चौपट.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आड येते. मे महिन्यात पत्र्याखालची शेड बाहेरच्या ४२ अंशांहूनही तापते. ५२–५४ अंशांना वितळणाऱ्या मेणाचे कच्चे नग अशा ठिकाणी रचून ठेवले की खालचे वाकतात. ६०–६२ अंशांचं मेण घ्यावं आणि नग सपाट ट्रेवर एकाच थरात ठेवावेत. हेप्टेन ज्वालाग्राही आहे, त्यामुळे त्याची टाकी या शेडमध्ये नकोच.

डाय बनवण्याचं कसब छत्रपती संभाजीनगरला कमी नाही. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्थाही आहे. पैसा लागतो तो डीबाइंडिंगच्या, म्हणजे उरलेला बाइंडर काढण्याच्या भट्टीला. १५० ते ४५० अंशांदरम्यान तासाला ५–१० अंश एवढाच वेग ठेवायचा आणि हवेचा प्रवाह चालू ठेवायचा. मध्येच वीज गेली तर नुसतं थंड होण्याने सहसा बिघडत नाही. बिघडतं वीज परत आल्यावर, कारण साधा कंट्रोलर मधला वेळ भरून काढायला पूर्ण जोरात तापवतो आणि पॉलिमरचा वायू नग फोडून बाहेर पडतो. म्हणून भट्टीचं खरं तापमान वाचून तिथूनच पुढे चढणारा कंट्रोलर घ्यावा, आणि ब्लोअरला वेगळा इन्व्हर्टर द्यावा.