रेपो गिटहबवरचा, रेपो झेनोडोवरचा

"मॅम, कोड रेपोत टाकलाय." प्रबंध जमा करायच्या आठवड्यात हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. रेपो म्हणजे रेपॉझिटरी, फाइली साठवायची जागा. कुठल्या रेपोत, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा गिटहब, कोड ठेवायचं संकेतस्थळ. मग मला मुंबईच्या पावसावरचा एक प्रबंध आठवतो. काम चांगलं होतं, शेवटच्या पानावर गिटहबची लिंक होती. दोन वर्षांनी दुसऱ्या मुलीला तेच गणित पुढे न्यायचं होतं, तर लिंकवर ४०४, म्हणजे पान सापडत नाही. मुलाला नोकरी लागली होती आणि जुनं खातं आवरताना त्यानं रेपो काढून टाकला होता. त्यानं काही गैर केलं नव्हतं. गिटहबवरचा रेपो ज्याचा त्याचा. तो केव्हाही पुसता येतो, त्याचं नाव बदलता येतं, तो खासगी करता येतो.

काम जपून ठेवायचं दुसरं संकेतस्थळ म्हणजे झेनोडो. दोन्हीकडे शब्द एकच, रेपॉझिटरी, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गिटहब २००८ साली सुरू झालं ते कोड लिहिणाऱ्यांसाठी. कुणी कुठली ओळ कधी बदलली, चूक झाली तर मागे कसं जायचं, चौघांनी एकाच फाइलवर काम कसं करायचं, यासाठी त्याच्याइतकी सोयीची जागा मला माहीत नाही. पण ते रोज बदलणाऱ्या कामासाठी आहे. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल ते साध्या मार्गानं घेतही नाही.

झेनोडो २०१३ चं. युरोपीय आयोगाच्या मदतीनं, खुल्या संशोधनासाठीच्या ओपनएअर प्रकल्पातून, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं ते उभं केलं. नाव घेतलंय झेनोडोटसचं, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल म्हणून ज्याला ओळखतात त्याचं. इथे कोड, डेटा, पोस्टर, सादरीकरण, प्रबंध, काहीही ठेवता येतं. विषयाची अट नाही, पैसे लागत नाहीत आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा मिळते. ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक. उद्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो, फक्त त्यामागचा पत्ता नवा नोंदवतात. सुधारणा करायची तर नवी आवृत्ती टाकायची, जुनी जागच्या जागी राहते. काही कारणानं फाइल हटवावी लागली तरी तिथे काय होतं याची नोंद मागे उरते.

हा फरक मुलांना समजावताना मी कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट सांगते. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात तिथल्या उपकरणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण टिपली. पुढे विजेच्या ट्राम येणार, नोंदी बिघडणार, म्हणून हे काम अलिबागला हलवलं. जागा बदलली, पण नोंदी राहिल्या, तारीख-वेळेसकट. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. त्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले आपले संशोधकही होते. १४४ वर्षं! आकडे घेणाऱ्या माणसाच्या मर्जीवर ते अवलंबून असते, तर आज आपल्या हाती काय आलं असतं?

हुशार मुलं इथे अडवतात. गिटहबवर प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, क्रमांक असतोच की, तो प्रबंधात दिला म्हणजे झालं. अर्धं बरोबर आहे. कोडची नेमकी कोणती अवस्था वापरली हे तो क्रमांक चोख सांगतो, पण मूळ रेपोच गेला तर नुसत्या क्रमांकावरून काही परत मिळत नाही.

यांतलं एकच निवडायची गरज नाही. झेनोडोवर गिटहबच्या खात्यानं लॉगिन करायचं, हवा तो रेपो चालू करायचा आणि मग गिटहबवर रिलीज, म्हणजे कोडची ठरावीक आवृत्ती, काढायचा. त्या क्षणीच्या कोडची प्रत झेनोडो आपणहून घेतं आणि डीओआय देतं. डीओआय दोन दिसतात, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. प्रबंधात आवृत्तीचाच द्या, कारण तुमचे आलेख त्या आवृत्तीतून आलेत. रिलीजआधी परवाना, म्हणजे कोड इतरांनी कसा वापरावा हे सांगणारा मजकूर, जोडायला विसरू नका. त्याशिवाय कोड दिसतो खरा, पण वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आणि डीओआय मिळाला म्हणजे काम तपासलं गेलं, असं कुणाला सांगू नका. झेनोडोवर समीक्षा होत नाही. रुग्णांची नावं, मुलाखत दिलेल्यांचे फोन नंबर असलेली फाइल तर चुकूनही उघडी ठेवू नका, ती दोन्हीकडे तितकीच घातक. यंदा मी माझ्या मुलांना रिलीजची तारीख प्रबंधाच्या तारखेआधी आठ दिवस ठेवायला सांगितलंय, म्हणजे डीओआय छापील प्रतीत जाईल.