आहारातील चोथा

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात उतरतो, तो चोथा. शास्त्रीय लेखनात त्याला 'तंतुमय पदार्थ' म्हणतात. धान्याचा कोंडा, डाळीची साल, पालेभाजीच्या शिरा, शेंगदाण्याची लाल फोलपटे हे सगळे त्यात येते. 'तंतू' या शब्दाने मात्र फसगत होते. इसबगोल पाण्यात भिजवले की त्याची बुळबुळीत खळ होते, तोही चोथाच.

न विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ मऊ व भरीव होतो आणि पुढे सरकतो. विरघळणाऱ्या चोथ्यापैकी बराचसा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटपासूनच मिळवतात. म्हणजे जे आपल्याला पचले नाही, त्यावर आतडे पोसले जाते. आंबण्यात वायूही होतो. म्हणून चोथा एकदम वाढवला की पोट फुगते. तो हळूहळू वाढवावा आणि पाणीही तितकेच प्यावे.

युगांडात काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध कमी चोथ्याच्या आहाराशी जोडला. पुढचे पुरावे सरसकट एका बाजूचे नाहीत. मोठ्या लोकसमूहांच्या पाहण्यांत भरपूर चोथा खाणाऱ्यांमध्ये हा कर्करोग कमी आढळतो. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत आहार बदलूनही आतड्यातल्या गाठी (ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो) पुन्हा होणे कमी झाले नाही. तेव्हा चोथा हे औषध नव्हे. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध समजून भाकरी वाढवत बसू नये, तपासणी करावी.

सोलापूर जिल्ह्यात चोथ्याचा मुख्य पुरवठा ज्वारीचा. मंगळवेढ्याची काळी जमीन रब्बीच्या मालदांडी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्याने पीठ गरम पाण्यात मळून तळहाताने थापावे लागते. कडक भाकरी त्याहून पातळ थापतात आणि मंद आचेवर इतकी वाळवतात की हातात कडकन मोडते. ती बरेच दिवस टिकते. आमटीत कुस्करून किंवा दही आणि शेंगाचटणीबरोबर खातात.

ज्वारीचे गुणगान जरा बेतानेच करावे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, आणि कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठातही साधारण तितकाच. खरी तफावत पडते ती मैदा आणि पॉलिश केलेल्या तांदळाशी. त्यांत तो ३ ग्रॅमांच्या आसपास भरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम सुचवते. पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून त्यातले १० ग्रॅम येतात, दोन चमचे शेंगाचटणीतून जेमतेम २. बाकीचे डाळ, उसळ, पालेभाजी आणि फळांतून यायला हवेत.